गाडीचा कॉम्प्युटर जळाला. पण जाळला कोणी?

मोटारगाडी दहा-पंधरा वर्षांची झाली आणि एके दिवशी चालेनाशी झाली, की गॅरेजमध्ये हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येते, "चाचा, कॉम्प्युटर गया." पूर्वी प्लग जात, पॉइंट जळत, कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडके. गिऱ्हाईक शेजारी स्टुलावर बसून सारे पाहत असे आणि दोन शब्द बोलतही असे. कॉम्प्युटरचे नाव निघाले की ते गप्प बसते. मीही गप्प बसलो होतो आणि त्या गप्प बसण्याची किंमत मला अठरा हजार रुपये पडली. हा घरगुती हिशोब व्यापाराच्या पानावर मांडण्याचे कारण असे, की आपल्यातील बहुतेक लहान व्यापाऱ्यांकडे जुनीच गाडी असते आणि आपली पुष्कळ मुले गॅरेजलाईनमध्ये आहेत. दोघांनाही हा प्रश्न आज ना उद्या पडणारच आहे.

गोष्ट फेब्रुवारी २०२४ ची. रमजान मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लागणार होता. मालेगावच्या एका यंत्रमाग कारखानदाराला, जुम्याच्या आत येऊन नमुने पसंत करतो आणि बयाणा देतो, असा मी शब्द दिला होता. गाडी २००८ सालची, पेट्रोलची. कंपनीचे नाव घेत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर २०२३ साली मी तिची नोंदणी पुढे वाढवून घेतली होती. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, ती भरली, पर्यावरण कर निराळा भरला. एवढे पैसे घातल्यावर गाडी आणखी पाच वर्षे चालवायचीच, असा माझा विचार होता.

आळेफाटा मागे टाकून चंदनापुरीच्या घाटात शिरलो आणि गाडी झटके देऊ लागली. इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला, ॲक्सिलरेटर दाबला तरी ओढ नाही. चारपैकी दोनच सिलिंडर काम करीत होते, हे मला नंतर कळले. कशीबशी संगमनेरला आणली आणि तिथेच सोडली. दुसऱ्या दिवशी एस.टी.ने मालेगाव गाठले, तोवर मी फोनवर ठरवलेल्या डिझाईनचा माल दुसऱ्या व्यापाऱ्याने उचलला होता. कारखानदाराने एक दिवस वाट पाहिली होती, त्याला मी काय बोलणार? ईदचा अर्धा हंगाम त्या एका घाटात गेला.

गाडी पुण्यात ओढून आणली. पहिल्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, एक आणि चार नंबरच्या सिलिंडरला ठिणगी नाही असे निदान केले, कॉइल मीटरने तपासली, ती ठीक दिसली. मग ते वाक्य उच्चारले. नव्या कॉम्प्युटरचा भाव शोरूमने ४२ हजार सांगितला. जुना, वापरलेला साडेचौदा हजारांत मिळाला. माझ्या जुन्या पेटीतील माहिती त्यात उतरवून बसवायचे साडेतीन हजार. गाडी सुरू झाली, अगदी नव्यासारखी. बरोबर अकराव्या दिवशी, स्वारगेटच्या पुलावर, तेच झटके आणि तोच लुकलुकणारा दिवा.

पेटीतला मुनीम

पुढचे सांगण्याआधी ही वस्तू काय आहे ते सांगतो, कारण मलाही ते ठाऊक नव्हते. हिशोबाच्या वहीएवढी, ॲल्युमिनियमची चपटी पेटी असते. कोणी ईसीयू म्हणतो, कोणी ईसीएम. तिला पेढीवरचा मुनीम समजा. इंजिनावर जागोजागी बसवलेले सेन्सर तिला खबर पोचवतात: क्रँक किती वेगाने फिरतो आहे, पाणी किती तापले, हवा किती आत आली, धुरात ऑक्सिजन किती उरला. त्या खबरींवरून मुनीम ठरवतो की इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा आणि ठिणगी नेमकी केव्हा टाकायची. इंजिन नुसते चालू असताना इंजेक्टर सेकंदाचे दोन-तीन हजारांश भाग एवढाच वेळ उघडतो. हा हिशोब माणसाच्या हाताने होणारा नव्हे.

पेट्रोल मोजून देणारी इलेक्ट्रॉनिक पद्धत जर्मनीच्या बॉश कंपनीने १९६७ सालीच फोक्सवॅगनच्या १६०० गाडीत आणली होती. आपल्याकडे ती सर्रास झाली धुराच्या कायद्यामुळे. २९ एप्रिल १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील नव्या खाजगी मोटारींना १ जूनपासून युरो-एक आणि १ एप्रिल २००० पासून युरो-दोन ही मर्यादा घातली. कार्ब्युरेटरला ती पेलणे कठीण होते, म्हणून तो हळूहळू गेला. पुण्यात १ एप्रिल २००५ पासून भारत स्टेज-तीन आणि १ एप्रिल २०१० पासून स्टेज-चार लागू झाले. स्टेज-चारच्या त्या पहिल्या शहरांच्या यादीत आपले सोलापूरही होते. देशभर स्टेज-सहा १ एप्रिल २०२० पासून आले.

या बदलाचा पुण्यातील कारागिरांवर काय परिणाम झाला, ते एका इंडिकावरून कळते. १९९८ च्या डिसेंबरात आलेली ही गाडी पिंपरीत तयार होई. तिच्या पहिल्या डिझेल इंजिनाचा पंप साधा, यांत्रिक. पाना आणि फीलर गेज हाती असलेला कोणताही उस्ताद तिला मार्गावर आणी, आणि त्या गाडीवर कितीतरी गॅरेजे उभी राहिली. २००८ साली इंडिका व्हिस्टा आली, तिचे क्वाड्राजेट डिझेल इंजिन रांजणगावच्या फियाट-टाटा कारखान्यात बनत असे. ते कॉमन रेलचे, म्हणजे डिझेलचा थेंब न थेंब पेटीच्या हुकमाने. नाव इंडिकाच, पण जुना उस्ताद बॉनेट उघडून नुसता पाहत राहिला.

दोन बोर्ड, एकच डाग

दुसऱ्यांदा बंद पडल्यावर गाडी मी कोंढव्यातील एका उस्तादांकडे नेली. वय साठीच्या पुढे. स्वतः कार्ब्युरेटरच्या जमान्यातले, पण हाताखाली आयटीआय झालेला त्यांचा पुतण्या आहे. उस्तादांनी पहिला प्रश्न विचारला, "पहिला कॉम्प्युटर कुठे आहे? फेकला तर नाही?" नशिबाने तो डिकीत पडून होता.

पोराने दोन्ही पेट्या उघडून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. माझ्यासारख्या कापडवाल्यालाही दिसावे इतके ते स्पष्ट होते. दोन्ही बोर्डांवर अगदी एकाच जागी, एकाच ट्रान्झिस्टरभोवती, विडीचा चटका लागावा तसा काळा डाग होता. एक बोर्ड सोळा वर्षे माझ्या गाडीत होता, दुसरा परक्या गाडीतून आलेला, आणि दोघांचे मरण एकसारखे. उस्ताद म्हणाले, "पेटी मेली नाही, मारली गेली. मारणारा अजून गाडीतच बसला आहे."

तो ट्रान्झिस्टर एक आणि चार नंबरच्या सिलिंडरची कॉइल चालू-बंद करतो. मग पोराने कॉइल काढली, बाहेर बॅटरीवर जोडली, तारेभोवती करंट मोजणारा चिमटा लावला आणि लहानशा पडद्यावर रेघ पाहिली. रेघ ठीक होती. नंतर त्याने घरातले केस वाळवायचे यंत्र आणून कॉइल चांगली दहा मिनिटे तापवली. रेघ बदलली, करंट एकदम उंच उडाला. कॉइलच्या आतील तारेचे वेढे गरम झाल्यावर एकमेकांना चिकटत होते. गार असताना साव, गरम झाली की चोर. पहिल्या गॅरेजवाल्याने ती गार असतानाच मोजली होती. त्याने लबाडी केली असे मी म्हणत नाही. घाई केली एवढेच.

आणि ही कॉइल आली कोठून? २०२२ साली जुनी गेली तेव्हा कंपनीची २,८०० रुपयांना होती, दुसरी बिननावाची १,१००. "अकराशेचीच बसव," असे सांगणारा मीच होतो. आमच्या दुकानात गिऱ्हाईक दोनशे रुपयांच्या साडीला बनारसी म्हणून मागते, तेव्हा आम्ही हसतो.

पोराने एका निकामी बोर्डावरचा चांगला ट्रान्झिस्टर काढून माझ्या मूळ बोर्डावर डाग दिला. कंपनीची कॉइल, चार प्लग आणि मजुरी धरून सारे मिळून ८,६०० रुपये झाले. त्यानंतर गाडी त्या कारणाने बंद पडलेली नाही. सगळेच बोर्ड असे दुरुस्त होतात असे मात्र नाही. काहींमध्ये साध्या बोर्डाऐवजी चिनीमातीसारख्या पातळ पट्टीवर केसाहून बारीक तारा जोडलेल्या असतात, त्यांना सहसा हात लावता येत नाही. जुन्या पेट्यांत कपॅसिटर गळून त्यातील द्राव खालच्या तांब्याच्या रेषा खातो, ते वेळेवर दिसले तर वाचते.

पेटीला हात लावण्याआधी

उस्तादांचा नियम असा, की पेटीवर आळ शेवटी घ्यायचा. प्रथम बॅटरी. गाडी उभी असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास, स्टार्टर मारताना साडेनऊच्या खाली जाऊ नये, चालू इंजिनावर चौदाच्या आगेमागे. बॅटरी दुबळी असेल तर पेटी वेड्यासारखी वागते आणि बदनाम होते. मग फ्यूज आणि मेन रिले. चावी फिरवली की इंजिनाचा दिवा लागला पाहिजे. लागलाच नाही, तर पेटीला वीज पोचते का ते आधी पाहावे. बल्ब उडालेला असतो, रिले अडकलेला असतो, शे-दोनशे रुपयांत काम होते.

त्यानंतर अर्थिंग, आणि येथे पुण्यातील गाड्यांना खास दुखणे आहे. पाणी आणि वर्षे मिळून बॉडीला जोडलेली तार गंजते. वरून ती घट्ट दिसते, आतून हिरवी झालेली असते. मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी पेटीच्या अर्थ तारेवर ठेवून स्टार्टर मारावा. दशांश एक-दोन व्होल्टपेक्षा जास्त दाखवले तर दोष तारेत आहे. शिवाय पुष्कळांनी नंतर सीएनजी किट बसवून घेतले आहे. किटवाला इंजेक्टरच्या तारा कापून मध्ये आपले जोड देतो. ते जोड नुसते पीळ मारून वर टेप गुंडाळलेले असतील, तर चार पावसाळ्यांनी तेच "कॉम्प्युटर" होऊन समोर येतात.

सेन्सरना पेटी स्वतः पाच व्होल्ट पुरवते. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तर तो सगळ्यांचेच पाच व्होल्ट खाऊन टाकतो आणि पेटी मेल्यासारखी वाटते. अशा वेळी एकेक सेन्सरचा जोड काढत जावे. ज्याचा काढल्यावर पाच व्होल्ट परत आले, तो गुन्हेगार.

दोन गोष्टी आपल्या गॅरेजांमध्ये अजूनही सर्रास होतात, त्या बंद व्हाव्यात. एक, पेटीच्या तारांवर बल्बचा टेस्टर लावणे. बल्ब जेवढा करंट ओढतो तेवढा ती नाजूक वाट सहन करीत नाही. दुसरी, पेटी जोडलेली ठेवून बॉडीला वेल्डिंग मारणे.

एवढे करूनही पेटीच खराब ठरली, तर ती कोणामुळे गेली हे नक्की झाल्याशिवाय दुसरी बसवू नये. कॉइल, इंजेक्टर, रिले, पाणी, उलटी जोडलेली बॅटरी, कोणी ना कोणी असतोच. आयुष्य संपून आपोआप गेली असेही होते, पण ते शेवटी मानायचे.

जुनी पेटी विकत घेताना

पेटीवर चिकटवलेला नंबर अक्षरशः जुळला पाहिजे. मॉडेल तेच, साल तेच, रंगही तोच, एवढ्यावर भागत नाही. मारुतीच्या पेट्यांवर ३३९२० ने सुरू होणारा नंबर असतो. बॉशच्या पेट्रोल पेट्यांवर ०२६१ आणि डिझेलवर ०२८१. त्यापुढचे आकडे महत्त्वाचे, आणि आतील सॉफ्टवेअरचा नंबर निराळा असेल तर तोही. ज्या गाडीच्या चावीत चिप आहे, तिथे पेटीत त्या चावीचा गुप्त संकेत साठवलेला असतो. परकी पेटी आपली चावी ओळखत नाही. म्हणून जुन्या पेटीतील लहान मेमरी चिप वाचून तीच माहिती नव्या पेटीत उतरवावी लागते. यासाठीच खराब पेटी कधीही भंगारात देऊ नये. माहिती तिच्या पोटात असते.

माल कोठला आहे हेही विचारावे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. तेव्हा, आणि पुन्हा २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर, किती गाड्या पाण्यात गेल्या ते पुणेकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. बुडालेल्या गाडीची पेटी वाळवून विकली तर पहिले काही दिवस चालतेसुद्धा. पिनांवर हिरवी-पांढरी भुकटी, झाकणाच्या खाचेत चिखलाची रेघ, उघडून पुन्हा लावलेले सिलिकॉन दिसले की दुकान सोडावे. शिवाय उभ्या गाड्यांतून ईसीएम चोरीला जाण्याचे प्रकार अलीकडे अनेक शहरांत घडले आहेत. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसे समजायला जागा असून घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही अडकतो. म्हणून बिल हवे, आणि बिलावर पेटीचा नंबर हवा.

बिलावरून आठवले. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, पूर्वी पुष्कळ भागांवर २८ होता. दुकानाच्या नावावर घेतलेल्या साध्या मोटारीच्या दुरुस्तीचा कर आपल्याला परत धरता येत नाही, पण मालवाहू टेम्पोच्या दुरुस्तीचा धरता येतो. टेम्पोवाले बिल न घेता हा पैसा सोडून देतात, याचे मला नवल वाटते.

आता विकणाऱ्याचे. ज्याच्याकडून मी साडेचौदा हजारांची पेटी घेतली त्याने "इलेक्ट्रिकल माल परत नाही" म्हणून हात वर केले. त्या वेळी मला फार राग आला. आज वाटते, त्याचे बरोबर होते. त्याची पेटी चांगली होती, माझ्या कॉइलने ती जाळली. पण हीच पाटी पुढे करून ठाऊक असलेला दोष झाकला जातो, तेव्हा गोष्ट वेगळी. प्रेषित मुहंमद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या राशीत हात घालतात, आतले धान्य ओले लागते, आणि ओले वर का ठेवले नाही असे ते विक्रेत्याला विचारतात, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. फिक्हमध्ये 'खियारे ऐब' म्हणून बाब आहे, ऐब निघाल्यास ग्राहकाला माल फिरवण्याचा हक्क. त्याच्या अटी आलिमांना विचाराव्यात. पण आम्ही ताग्यात डाग असेल तर त्या जागी खूण करून देतो, तसे जुन्या पेटीच्या विक्रेत्याने "पुरातली आहे", "उघडलेली आहे", "टेबलावर तपासलेली नाही" एवढे लिहून द्यायला काय हरकत आहे? भाव थोडा उतरेल. भांडणे त्याहून जास्त उतरतील.

राहता राहिली आपली मुले. उस्तादांचा पुतण्या उर्दू माध्यमातून दहावी झाला, मग औंधच्या सरकारी आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा कोर्स केला. इंग्रजी मॅन्युअलची त्याला पहिले वर्षभर भीती वाटायची. मीही उर्दू शाळेतलाच, ती भीती मला ठाऊक आहे. तो म्हणाला, "चाचा, तारांच्या नकाशात इंग्रजी फार नसते. 'बी' म्हणजे काळी, 'डब्ल्यू' पांढरी, 'आर' लाल. 'बी-आर' लिहिले तर काळ्या तारेवर लाल रेघ." ऐकून मला हसू आले, आम्ही शेडकार्ड असेच वाचतो. आज कोंढवा, भवानी पेठ, नाना पेठेतील दहा गॅरेजवाले त्याच्याकडे पेट्या पाठवतात. त्याची स्वतःची हत्यारे म्हणजे एक मीटर, एक चिमटा, तो लहान पडदा, एक गरम हवेचे यंत्र आणि चांगला सोल्डरिंगचा हात. यंत्रमागाच्या एका मागापेक्षा ती स्वस्तात येतात.

दुसरा बोर्ड, तो साडेचौदा हजारांचा, त्याने नंतर दुरुस्त करून दिला. माझ्या चावीचा संकेत त्यात आहेच. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो मी गल्ल्याच्या खालच्या खणात ठेवला आहे. पिशवीत अकराशेची ती कॉइलही आहे, उस्तादांनी मुद्दाम परत दिलेली. मालेगावचा कारखानदार गेल्या हंगामात दुकानी आला, तेव्हा त्याला दोन्ही वस्तू दाखवल्या. त्याने कॉइल हातात घेऊन उलटीपालटी केली आणि विचारले, "याच्यासाठी माझी चाळीस नग साडी सोडलीत होय?"